केगल करूनही लघवीची घाई थांबत नाही? या चुका टाळा

दिवसात आठ-दहा वेळा जावं लागतं, रात्री दोनदा झोप मोडते, आणि कळ आली की एक मिनिटही दम निघत नाही. अशा अतिसक्रिय मूत्राशयावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे केगल, चांगले लागू पडतात. तरी महिनाभर नेमाने करूनही अनेकांना फरक दिसत नाही. बहुतेकांची गडबड पहिल्याच पायरीवर असते, भलताच स्नायू आवळला जातो.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आत ओढून धरतो, तोच हा स्नायू. गुडघे दुमडून उताणं झोपा, एक हात पोटावर आणि एक कुल्ल्याखाली ठेवा. आवळताना पोट टणक झालं, कुल्ले उचलले गेले किंवा मांड्या जुळल्या तर चुकतंय. बायकांनी हातआरसा धरून पाहावं: योनी आणि गुदद्वारामधला भाग आत-वर गेला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय, आणि त्याने नुकसानच होतं. पुरुषांना वृषणं किंचित वर उचलल्यासारखी जाणवतात.

श्वास रोखणं ही दुसरी नेहमीची खोड. मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो.

लघवी करता करता मध्येच धार थांबवून रोज सराव करू नका. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी ठीक. रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि संसर्गाला वाट मिळते. एस.टी. स्टँडवरच्या कमोडवर अर्धवट उभं राहून उरकण्यानेही तेच होतं. भारतीय पद्धतीचं असेल तर नीट उकिडवं बसा.

सहा सेकंद आवळा, सहा सेकंद पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. सहा जमत नसतील तर तीनपासून सुरुवात करा. शेवटी पाच-सहा झटपट आवळण्या. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. दिवसाला दोनशे करण्यात शहाणपण नाही, स्नायू थकून आणखी ढिला पडतो. सैल सोडणं तर आवळण्याइतकंच महत्त्वाचं. ओटीपोटात दुखत असेल, संबंधाच्या वेळी वेदना होत असतील किंवा धार सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर स्नायू आधीच ताठलेला असू शकतो. अशांनी फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय केगल करू नयेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच: व्यायाम सकाळ-संध्याकाळ होतो, पण कळ आली की माणूस धावत सुटतो. धावण्याने घाई वाढते. त्याऐवजी जागच्या जागी थांबा किंवा खुर्चीवर टेका, पाच-सहा झटपट आवळण्या द्या, श्वास संथ ठेवा. हा स्नायू आवळला की मूत्राशयाच्या भिंतीच्या स्नायूला नसांमार्फत शांत होण्याचा इशारा जातो. कळ ओसरली की मग चालत जा. दाराचं कुलूप काढताना किंवा नळ वाहताना कळ येत असेल तर कुलपाला हात लावण्याआधीच आवळा.

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची म्हणून घरी दोनदा आणि स्टेशनवर पुन्हा एकदा ‘जाऊन येऊ’ करणं सोडा. त्याने मूत्राशयाला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते. तीन दिवस वेळा लिहून ठेवा आणि दोन खेपांमधलं अंतर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्या.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना, जावं लागेल या धास्तीने पाणीच तोडणारे कमी नाहीत. विडीच्या सुपापुढे किंवा मागावर दिवस काढणाऱ्या बायका हे हमखास करतात. घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला टोचते. वर बद्धकोष्ठ झालं तर त्याचाही दाब. दीड-दोन लिटर पाणी दिवसभरात घोट घोट प्या, उन्हात जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असल्यास डॉक्टर सांगतील तेवढंच. काही कमी करायचंच तर चहा कमी करा. झोपण्याआधी दोन तास पिणं आवरतं घ्या.

पंधरा दिवसांत सोडून देऊ नका; फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात, पुरता अंदाज तीन महिन्यांनी येतो. मात्र जळजळ, ताप, लघवीत रक्त किंवा पुरुषांत बारीक झालेली धार असेल तर आधी तपासणी. साखरही पाहून घ्या. पायांत किंवा जांघेत अचानक बधिरपणा आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.