जुन्या बॅटींच्या जाहिराती वाचायला बसणाऱ्यांसाठी

क्रीडा-इतिहासात एम.ए. करायला इंग्लंडला निघाले तेव्हा सांगलीच्या काकांनी विचारलं, "नेमकं काय शिकणार?" म्हटलं, "राणी व्हिक्टोरियाच्या काळात क्रिकेटचं सामान कोण आणि कसं विकायचं ते." काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आणि त्याची फी भरायची?" आता अधूनमधून कोणीतरी विद्यार्थी हाच विषय घेऊ का म्हणून विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. फीचं उत्तर मात्र माझ्याकडे आजही नाही.

माझे पहिले तीन आठवडे पाण्यात गेले. विषय होता क्रिकेटच्या वार्षिक अंकांतल्या जाहिराती. ग्रंथालयात चामडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे देखणे खंड समोर आले. एकेक पान उलटलं, धावफलकच धावफलक. जाहिराती जवळपास नाहीतच. मी टिपणात ठोकूनही दिलं की या काळात जाहिरातींवर खर्च होत नसावा. मार्गदर्शक बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "पुस्तकाची बांधणी कुठल्या काळातली आहे, पाहिलंस का?"

गोम तिथेच होती. हे अंक पातळ कागदी वेष्टनात निघायचे. हौशी मालक पुढे ते बाइंडरकडे द्यायचे, आणि बाइंडर वेष्टन आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानं कचरा समजून काढून टाकायचा. मी ज्याला बाजारातली मंदी म्हणत होते, ती बाइंडरची कात्री होती. मूळ वेष्टनातली प्रत हातात आली तेव्हा पुढे-मागे पानंच्या पानं बॅट, चेंडू, बूट, तंबू, जाळ्या. म्हणून प्रत मागवताना "मूळ वेष्टन, जाहिरातींसकट" असं स्पष्ट लिहा. स्कॅन पाहत असाल तर कोणती प्रत स्कॅन झाली आहे ते आधी तपासा. छाटलेल्या प्रतीचं स्कॅनही छाटलेलंच असतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. जाहिरात आणि मजकूर असे दोन वेगळे डबे करू नका, कारण त्या काळी खेळणारा, विकणारा आणि छापणारा बऱ्याचदा एकच माणूस असे. जॉन विस्डेनचंच घ्या. ससेक्सचा हा बुटका वेगवान गोलंदाज, टोपणनाव 'लिटल वंडर'. 1850 मध्ये लॉर्ड्सवर एका डावात त्याने दहाच्या दहा बळी घेतले, सगळे त्रिफळाचीत. 1855 मध्ये त्याने फ्रेड लिलीव्हाइटबरोबर लंडनच्या कोव्हेंट्री स्ट्रीटला दुकान काढलं, क्रिकेटच्या सामानाचं आणि सिगारचं. (सिगार वाचून मी हसले होते. पण सिगार घ्यायला येणारा आणि क्लबासाठी बॅटी मागवणारा गृहस्थ एकच असला तर दुकानदाराने का हसावं?) 1858 मध्ये भागीदारी मोडली. फ्रेडचं क्रिकेट गाइड 1849 पासून निघतच होतं. 1864 मध्ये विस्डेनने स्वतःचं वार्षिक काढलं, 112 पानं, किंमत एक शिलिंग.

तो पहिला अंक जरूर चाळा. क्रिकेटबरोबर त्यात इंग्लंडच्या कालव्यांची लांबी आहे, डर्बी शर्यतीचे विजेते आहेत, पहिल्या चार्ल्स राजाच्या खटल्याची माहिती आहे. मजकूर कमी पडल्यावर दिवाळी अंकवाले राशिभविष्य लांबवतात ना, तसलाच प्रकार. माझं मत असं, की आज ज्याला क्रिकेटचं बायबल म्हणतात ते सुरुवातीला दुकानाचं नाव वर्षभर गिऱ्हाइकाच्या कपाटात ठेवण्याचं साधनही होतं. लिलीव्हाइट मंडळींनीही हेच केलं. 1865 पासून जॉन लिलीव्हाइटचं हिरव्या वेष्टनातलं वार्षिक, 1872 पासून जेम्सचं तांबडं. फ्रेड तर मैदानात तंबू ठोकून छापखाना चालवायचा आणि खेळ सुरू असतानाच धावफलक छापून विकायचा. 1859 च्या अमेरिका-कॅनडा दौऱ्यावरही त्याने ते धूड नेलं, आणि त्या ओझ्यावरून कप्तान जॉर्ज पारचं डोकं फिरलं.

शोधायचे शब्द हा दुसरा खड्डा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन साठ्यात, मी भाबडेपणाने नुसतं 'बॅट' टाकलं आणि वटवाघळांत जाऊन पडले. त्या काळचे शब्द वापरा. पॅडना जाहिरातीत 'लेग गार्ड' म्हणत. ग्लोव्हज हवे असतील तर 'ट्यूब्युलर इंडिया-रबर ग्लोव्हज' शोधा. हातमोज्याच्या पाठीवर, बोटांच्या लांबीत रबराच्या जाड पट्ट्या शिवलेल्या, आणि तळवा मोकळा, मूठ बसावी म्हणून. कल्पना फेलिक्सची. हा शाळामास्तर, खरं नाव निकोलस वॅनोस्ट्रॉक्ट, पण मास्तर क्रिकेटमध्ये वेळ घालवतो हे पालकांना कळू नये म्हणून मैदानावर टोपणनाव. 1837 चं त्याचं गोलंदाजीचं यंत्र 'कॅटापुल्टा' याच नावाने शोधा. बॅटीसाठी 'केन हँडल्ड' शोधा. पूर्वी पातं आणि मूठ एकाच लाकडाची असे आणि फटक्याचा झटका थेट हातात येई. 1850 च्या दशकात वेताची मूठ पाचर मारून पात्यात बसवू लागले, तेव्हा तो झणका कमी झाला.

गोलंदाजीचे नियम बदलत गेले तो क्रमही जाहिरातींशी ताडून बघा. 1835 मध्ये राउंडआर्म (हात खांद्याच्या उंचीपर्यंत फिरवून) आणि 1864 मध्ये ओव्हरआर्म (हात खांद्याच्या वर नेऊन) गोलंदाजी नियमात बसली. चेंडू अंगावर येऊ लागला आणि खेळपट्ट्या होत्या तशाच खडबडीत. ग्लोव्हज आणि पॅड यांचा खप का वाढला, हे वेगळं सांगायला नको.

किमतींबद्दल थोडक्यात. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग, वीस शिलिंग म्हणजे पौंड, एकवीस शिलिंग म्हणजे गिनी. 7/6 दिसलं तर ते सात शिलिंग सहा पेन्स, गोलंदाजाचं पृथक्करण नव्हे. हसू नका, मी एकदा तसंच वाचलं होतं.

दुकान खरोखर कोणाचं होतं हे जाहिरातीवरून ठरवू नका, त्या वर्षीची व्यापारी डिरेक्टरी, म्हणजे दुकानदारांच्या नावा-पत्त्यांची यादी, उघडा. लेस्टर विद्यापीठाने अशा पुष्कळ डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. नॉटिंगहॅमचा भाग मला सर्वांत मजेचा वाटला. कसोटी क्रिकेटचा पहिला चेंडू टाकणारा आल्फ्रेड शॉ आणि फलंदाज आर्थर श्रूजबरी या दोघांनी तिथे सामानाचा धंदा केला आणि जेम्स लिलीव्हाइटच्या जोडीने ऑस्ट्रेलियाचे दौरेही काढले. त्याच गावात विल्यम गनने 1885 मध्ये गन अँड मूर सुरू केली. हे सगळे व्यावसायिक खेळाडू. वय झालं की मैदानावरची कमाई संपणार, तेव्हा नावाला भाव असतानाच दुकान थाटलेलं बरं, हा हिशेब मला त्यात दिसतो. याउलट डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस कागदोपत्री हौशी, म्हणजे खेळाचे पैसे न घेणारे खेळाडू, आणि झळकले कोलमनच्या मोहरीच्या जाहिरातीत! प्रबंधात हौशी-व्यावसायिक हा वाद घेणार असाल तर ते चित्र पहिल्या पानावर लावा.

मराठी विद्यार्थ्याने मात्र निम्मा विषय मुंबईत ठेवावा असं मी आग्रहाने सांगते. फोर्टात गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून पारशी पोरं छत्रीची बॅट करत, उंच टोप्यांच्या यष्टी, आणि चेंडू म्हणजे चिंध्या भरून मोच्याने कसातरी शिवलेला लंबगोल गोळा. मानेकजी पटेलांनी 1892 मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिताना हे नोंदवलं आहे. त्याच समाजाचा संघ 1886 मध्ये इंग्लंडला खेळायला गेला. मधल्या वर्षांत छत्री जाऊन विलोच्या लाकडाची बॅट आली ती कोणत्या दुकानातून, किती रुपयांना, यावर एक चांगला प्रबंध होईल. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक घ्या आणि पहिल्या पानापासूनच सुरुवात करा, कारण त्या काळी पहिलं पान जाहिरातींचंच असे.