डोंगरवेड्या बाबाची ओळख लेकरांना कशी करून द्यायची

माझा नवरा आजारपणात गेला तेव्हा लेक बालवाडीत होती आणि धाकटा जेमतेम चालायला लागला होता. लेकीला बाबा तुकड्यातुकड्यांत आठवतो. धाकट्याला काहीच आठवत नाही, आणि आठवणारही नाही, कारण साधारण तीन वर्षांच्या आधीचं बहुतेक कुणालाच आठवत नसतं. त्यामुळे आमच्या घरात ‘बाबाची आठवण काढणं’ म्हणजे अर्धं काम ओळख करून देण्याचंच आहे. हार घातलेल्या फोटोतून ती होत नाही. हा माणूस आठवडाभर पुण्यात ऑफिस करायचा आणि रविवारी सह्याद्रीत असायचा. लेक झाल्यावर तिला पाठीवर घेऊन जायचा. त्याची ओळख करून द्यायची तर त्याचा आवाज, त्याच्या वस्तू, त्याची माणसं आणि त्याचे डोंगर, सगळंच मुलांच्या हाती द्यावं लागतं. तुमच्या घरी असं झालं असेल, तर मी जे केलं ते सांगते. आधी घाईचं, मग सावकाशीचं.

फोन आधी सांभाळा

दिवसकार्य उरकलं की कुणीतरी म्हणतं, ‘त्याचा नंबर आता बंद करून टाका.’ लगेच करू नका. प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही आणि त्यात शिल्लक नसली, तर ते बंद होतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. ओटीपी त्याच नंबरावर येतात. म्हणून निदान वर्षभर छोटं रिचार्ज मारत राहा. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापरात नसलं तर साधारणपणे काढून टाकलं जातं, आणि गूगलचं खातं दोन वर्षं उघडलं नाही तर कंपनी ते फोटोंसकट पुसू शकते. ही कामं दुःखात सुचत नाहीत. दिराला, भाच्याला, ज्याचं डोकं जागेवर आहे अशा कुणालाही नावानिशी सांगून टाका.

सगळ्यात आधी आवाज उतरवून घ्या. फोटो दहा जणांकडे असतात. आवाज मात्र त्याच्या नि तुमच्या फोनमध्येच असतो. व्हॉट्सॲपचं संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करताना मीडियासकट करा, व्हॉइस नोट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकीला तारीख, जागा, कुणाशी बोलतोय असं नाव द्या. सगळ्याच्या दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. आमची एक माझ्या माहेरी आहे.

आमच्याकडे भीमाशंकरच्या जंगलातली एक व्हॉइस नोट आहे. सुरुवातीला नुसता पावसाचा आवाज, रेनकोटची खसखस. मग तो दबक्या आवाजात म्हणतो, ‘पिल्लू, ऐक हं, बोलू नको,’ आणि मागून शीळकरी कस्तूर शीळ घालतो. एखादा पोरगा निवांत चालता चालता वाजवत जातो तशी लांब, वळणं घेणारी शीळ. मग पुन्हा तो, ‘ऐकलंस? पक्षी आहे तो, माणूस नाही.’ ही नोट आमच्याकडे इतक्या वेळा वाजली आहे की पावसाळ्यात ताम्हिणीला गाडी थांबवली तर धाकटा कान टवकारून बसतो आणि कस्तूर बोलला की सगळ्यांच्या आधी ओळखतो. बाप न आठवणारं पोर बापाचा पक्षी ओळखतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

मुलांना काय सांगायचं

स्पष्ट सांगायचं. बाबा गेला, त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही. लहान मुलांना मरण कायमचं असतं हे कळत नाही, म्हणून ती तेच तेच विचारतात. दर वेळी तेच उत्तर द्या. ‘बाबा झोपलाय’ असं सांगू नका, मुलं झोपायला घाबरतात. ‘ट्रेकला गेलाय’ असं तर मुळीच सांगू नका. डोंगरवेड्या माणसाच्या घरात हे वाक्य फार सहज तोंडात येतं, आणि मग मूल खिडकीत बसून वाट बघतं. मुलं जसजशी मोठी होतात तसतसे त्यांचे प्रश्नही मोठे होतात. पाचव्या वर्षी दिलेलं उत्तर दहाव्या वर्षी पुरत नाही, तेव्हा पुन्हा बसून बोलावं लागतं.

मित्रांकडून गोष्टी काढून घ्या

‘त्याच्याबद्दल काहीतरी सांगा ना’ म्हटलं की माणसं गप्प होतात, नाहीतर ‘राजा माणूस होता’ म्हणून डोळे पुसतात. बारीक प्रश्न विचारा. चढताना तो पुढे असायचा की मागे? सॅकमध्ये न चुकता काय असायचं? चहा कोण करायचं? कुणावर चिडला होता का कधी? वाट चुकलात तेव्हा काय म्हणाला? मुलं झाल्यावर त्याच्यात काय बदललं? शक्य असेल तर हे चालता चालता विचारा, टेकडीवर, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. समोरासमोर खुर्चीत बसवलं की मित्रमंडळी भाषण करतात.

शेवटच्या प्रश्नाने मला जे मिळालं ते माझ्या स्वतःच्याही माहितीत नव्हतं. लग्नाआधी तो लिंगाणा, माहुलीजवळचा वजीर, असल्या सुळक्यांवर जायचा. लेक झाल्यावर त्याने दोर लावून चढायचे सुळके सोडले. मला तो ‘आता वेळ नाही मिळत’ म्हणायचा. मित्राला मात्र म्हणाला होता, ‘पोरगी घरी वाट बघते रे.’ आणि राजगडावर मुक्काम असला की पद्मावती माचीवर रेंज शोधत फिरायचा, ती झोपायच्या आत फोन लागावा म्हणून. लेक चौथीत असताना मी तिला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘मी फोनवर काय बोलायचे?’ तेही मित्राला ठाऊक होतं. ती त्याला जेवणात काय काय होतं ते सांगायची.

त्याचा हट्टीपणा, उशिरा येणं, ओले मोजे बाथरूममध्ये टाकणं हेही सांगा. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नाही, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणून. पण देव केलेल्या बापाजवळ मुलांना जाता येत नाही. आता ओल्या मोज्यांची गोष्ट त्याच सांगतात.

त्याच्या वस्तू

सगळं जपायचं नाही आणि सगळं वाटूनही टाकायचं नाही. त्यातही काही गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. चढाईचा दोर, कमरेला बांधायचा हार्नेस, पट्ट्यांचे स्लिंग यांचं आयुष्य ठरलेलं असतं. न वापरता ठेवले तरी बनवणारे साधारण दहा वर्षांपलीकडे वापरू नका म्हणतात. म्हणून आठवण म्हणून दोर ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्यावर कुणालाही चढू देऊ नका, मित्रांनाही देऊ नका. ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे नुसते पडून राहिले तर काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतात. ज्याला मापाचे होतील त्याला लगेच द्या. हेडटॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून टॉर्च खाऊन टाकतात. स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. एक न धुतलेला टी-शर्ट झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. वास फार वर्षं टिकत नाही, पण टिकतो तोवर लागतो.

बाकीच्या टी-शर्टांची गोधडी करा. हे मी आग्रहाने सांगते. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, त्यामुळे आधी प्रत्येक तुकड्याला मागून जुन्या सुती साडीचं अस्तर टाचून घ्या, मगच तुकडे एकमेकांना जोडा. खाली सबंध सुती लुगडं किंवा साडी, मध्ये जुन्या मऊ कपड्यांचे थर, आणि वरून धावदोरा. कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्यावर यायचं. आमची गोधडी सासूबाईंनी आणि त्यांच्या गावाकडच्या जावेने शिवली. त्याच्या नेहमीच्या मेंदी रंगाच्या टी-शर्टवर दोन्ही खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांनी रंग उडून फिकट पट्टे पडले होते. मी तो तुकडा बाजूला काढत होते, विटका दिसतो म्हणून. सासूबाईंनी तो परत घेतला आणि बरोबर वरच्या कडेला लावला, पांघरलं की हाताखाली येईल असा. धाकटा झोपताना त्या पट्ट्यांवरून बोट फिरवतो. त्याला कुणी शिकवलेलं नाही.

झाड लावायचं असेल तर

झाड जरूर लावा, पण जागा बघून. किल्ल्यावर लावू नका. मुळं तटबंदी फोडतात आणि बरेचसे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय लावता येत नाही. कासच्या पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, तर चुकूनही नको. तिथली माती वीतभरही नसते, आणि त्या एवढ्याशा थरात सोनकी, सीतेची आसवं अशी फुलं उगवतात. एक खड्डा खणला तरी तेवढ्यापुरता सडा मोडतो. त्याला झाडांइतकेच सडे आवडायचे, त्यामुळे हे मी ठामपणे सांगू शकते.

आम्ही सासरच्या गावी, जुन्नरकडे, शेताच्या बांधावर बहावा लावला. त्याचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि बहावा त्याच सुमारास फुलतो. दोन फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा एप्रिल-मेमध्येच खणून तापू द्यायचा. वरची चांगली माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरायचा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की रोप लावायचं, काठीचा आधार द्यायचा आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायचं. पहिले तीन उन्हाळे पाणी लागतं, आणि हे तीन उन्हाळेच खरं काम असतं. बुडाशी मातीचं मडकं पुरून ते भरत राहिलं की पाणी वाया जात नाही. पाणी कोण घालणार हे ठरवल्याशिवाय रोप आणू नका. नाव लावलेलं झाड वाळलं तर मुलांना फार लागतं. गुलमोहर, गिरीपुष्प, निलगिरी टाळा. आपल्या मातीतलंच लावा: जांभूळ, उंबर, कांचन, आपटा.

गडाच्या दगडावर नाव कोरणं, पाटी ठोकणं, टाक्यात अस्थी सोडणं यांतलं काहीही करू नका. त्या टाक्यांचं पाणी लोक पितात. त्याच्या नावाने काही करायचं तर पायथ्याच्या गावात करा. राजगडाखाली गुंजवण्यात ज्या मावशींकडे तो पिठलं-भाकरी खायचा, त्यांच्याकडे आम्ही त्याच्या वाढदिवसाला जेवायला जातो. तिथल्या पोरांना वह्या-पुस्तकं नेतो. मावशी मुलांना तो किती भाकऱ्या खायचा ते दर वर्षी वाढवून सांगतात.

मुलांना डोंगरात नेताना

टेकडीपासून सुरू करा. पुण्यात वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई आहेतच. मग सिंहगड, मग लोहगड, तिथे पायऱ्या आहेत. राजगड पोर स्वतःच्या पायाने उतरू शकेल तेव्हा. चढण्यापेक्षा उतारच अवघड जातो. धो-धो पावसात आणि सुट्टीच्या गर्दीत कळसूबाईच्या शिड्यांवर लहान मुलं नेऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, तेव्हा अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा नको. तुम्हाला स्वतःला सवय नसेल तर त्याच्या मित्रांपैकी एका जाणत्याला बरोबर घ्या. मित्रांनाही ते हवं असतं, फक्त तुम्ही विचारायला हवं.

आणि मुलाला डोंगर आवडलाच पाहिजे असं नाही. माझ्या लेकीला चढायचा कंटाळा आहे. ती खालीच कुठेतरी बसून फुलांची चित्रं काढते, आणि ती सुरेख काढते. ‘बाबाला किती आवडायचं, आणि तू बघ’ हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, आजी-आजोबांनीही नाही, हे मी ठरवून सांगितलं आहे.

दिवस कुठला पाळायचा

आम्ही तिथी पाळतो आणि वाढदिवसही. पितृपंधरवडा भाद्रपदात येतो, तेव्हा डोंगर सोनकी आणि तेरड्याने भरलेले असतात. सकाळी घरी खीर-वड्यांचा नैवेद्य, कावळ्याला पान, आणि जेवणं झाली की संध्याकाळी सगळे टेकडीवर. सासूबाईही येतात, अर्ध्या वाटेपर्यंत.

शिवाय कारवीचं वर्ष लिहून ठेवा. कारवी हे डोंगरातलं झुडूप, ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून गेली की वाळते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2016 साली फुलली होती, तेव्हा त्याने वर्षाच्या लेकीला पाठीवर बांधून नेलं होतं. 2024 साली ती पुन्हा फुलली, तेव्हा मी दोघांना घेऊन गेले, आणि लेकीने जुना फोटो हातात धरून तशीच जांभळी फुलं शोधली. पुढची पाळी साधारण 2032 ची. लेक तेव्हा बारावीत असेल. क्लासवाले काहीही म्हणोत, सप्टेंबरातला तो एक रविवार आत्ताच राखून ठेवला आहे.