डरखाईम वाचताना शेजारच्या काकांना बाजूला ठेवा

समाजशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षी अंतर्गत चाचणीत मी सहा पानं लिहिली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाईमच्या प्रमाणकशून्यतेवर, म्हणजे इच्छांना आवर घालणारे समाजाचे नियम मोडून पडण्यावर. सगळी आमच्या शेजारच्या काकांवर. बोंडअळीने गेलेली कपाशी, सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं, आणि मग ती सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाने ती पाहिली होती, मीही. सोळापैकी तीन गुण मिळाले. आजही आठवलं की घशाशी येतं.

डरखाईमच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील, त्या इथे सांगत नाही. मी जिथे अडकले तेवढंच सांगते. त्याच्या १८९७च्या ‘आत्महत्या’ या पुस्तकात ‘हा माणूस का गेला’ हा प्रश्नच नाही. दरवर्षी माणसं वेगळी, त्यांची दुःखं वेगळी, तरी एका समाजाचा आत्महत्येचा दर जवळपास तोच कसा राहतो? प्रोटेस्टंटांमध्ये तो कॅथलिकांपेक्षा जास्त का? प्रश्न हा आहे. दर हे सामाजिक तथ्य आहे, म्हणजे एकेकट्या माणसाबाहेरची, अख्ख्या समाजाची गोष्ट; काका नाहीत. डरखाईम दर समजावतो, मी माणूस समजावत होते. पुन्हा सांगते, कारण दरवर्षी नवी मुलं इथेच पडतात: उत्तरात एका माणसाच्या मनात शिरलात की तुम्ही डरखाईमच्या बाहेर गेलात.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. ‘कर्ज म्हणजे प्रमाणकशून्यता’ असं मी ठोकून दिलं. दुसऱ्या भागातलं पाचवं प्रकरण उघडून बघा. आर्थिक संकटाने दर वाढतो तसा अचानक आलेल्या भरभराटीनेही वाढतो, असं तो म्हणतो. कारण दोन्हीकडे इच्छांना घातलेली मर्यादा मोडते. उलट नुसती गरिबी इच्छांना आवर घालते. आयर्लंडचे शेतकरी आणि कॅलाब्रिया ही त्याची उदाहरणं, तिथे हाल आहेत पण आत्महत्या फार कमी. म्हणून विदर्भाचं दुखणं त्याच्या एका शब्दात कोंबू नका. इथे तालुक्यांचे दर, कापसाचे भाव, पाण्याची सोय हे सगळं शेजारी शेजारी मांडून बघावं लागतं.

घाबरू नका, गावातून आल्याचा फायदाही आहे. डरखाईमचं १९१२चं धर्मावरचं पुस्तक मला पोळ्याने उलगडून दिलं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायची खांदशेकणी, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’. वर्षभर तुतारीचे, म्हणजे टोकदार काठीचे, टोचे खाणारा बैल त्या दिवशी पवित्र. लहानपणी मी काठी उचलली तर बाबा नुसतं ‘आज नाई’ म्हणाले. कायदा नाही, पहारा नाही, तरी हात खाली आला आणि पुढे कोणी न सांगताही उचलला गेला नाही. नीती बाहेरून येऊन आपल्यात अशी मुरते. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की अख्ख्या गावाच्या अंगात जे भरतं, तेच डरखाईमने ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा आदिवासींच्या मेळाव्यांत ओळखलं, तेही स्वतः तिथे न जाता, दुसऱ्यांच्या नोंदी वाचून. फक्त ‘देव म्हणजे समाज’ एवढंच लिहून भाविकांना वेडं ठरवू नका. त्याच्या मते कोणताच धर्म खोटा नसतो.

‘हमखास वीस प्रश्न’वाली गाईडं मी वापरली आणि पस्तावले. त्यांत आत्महत्येचे चारही प्रकार सारख्या वजनाने येतात. मूळ पुस्तकात दैववादी प्रकार, म्हणजे नियमांच्या अति जाचातून होणारी आत्महत्या, फक्त एका तळटीपेत आहे. नोट्स देणाऱ्या सरांपेक्षा उत्तर परत लिहायला लावणारे सर शोधा, मग ते कितीही कडक असोत. माझ्या पानांवर एवढाच शेरा होता: ‘दर कुठे आहे?’ रागाने मी आठवडाभर त्यांच्या तासाला बसले नाही. नंतर त्यांनीच समोर बसवून तीनदा उत्तर लिहून घेतलं. तिसऱ्या वेळी त्यात काकांचं नाव नव्हतं.

ती सहा पानं मात्र मी फाडली नाहीत. काकूंनी एकदा मागून घेतली, आणि त्यांच्याकडेच ठेवली.