शाखेतील ताण : शाखाधिकाऱ्याने सुरुवात कोठून करावी

बँकेच्या शाखेत ताणाचा विषय निघाला की बहुधा एखाद्या शनिवारी व्याख्याता बोलावला जातो, श्वसनाचे दोन प्रकार करून घेतले जातात, चहा-समोसा होतो आणि सोमवारी काउंटरसमोर तीच रांग व विभागीय कार्यालयाचा तोच फोन असतो. अशा कार्यक्रमांना माझा विरोध नाही, परंतु सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा ध्यानवर्ग, मनोबल-प्रशिक्षण, आरोग्यविषयक अ‍ॅप अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी भाग न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे त्याला जवळजवळ कोठेच आढळले नाही. म्हणून शाखाधिकाऱ्यासाठी लिहिलेल्या या मार्गदर्शनात क्रमाला महत्त्व आहे : आधी कामाची रचना, मग विचार करण्याची पद्धत आणि लागेल तेथे तज्ज्ञाची मदत.

आधी काम तपासा

काम जास्त असणे ही ताणाची अर्धीच बाजू होय. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की, कामाचा रेटा मोठा आणि त्या कामाविषयीचे निर्णय मात्र स्वतःच्या हातात नाहीत, अशा जागी ताण सर्वांत जास्त साचतो. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केलेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांतही हृदयविकाराचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा खालच्या श्रेणीत अधिक दिसले आणि कामावर ताबा नसणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे निष्पन्न झाले. शाखाधिकाऱ्याच्या दृष्टीने ही बातमी बरी म्हणायची, कारण रांगेतील माणसे कमी करणे त्याच्या हातात नसले, तरी काउंटरवरच्या माणसाला थोडा ताबा देणे नक्कीच आहे.

त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारा : “दिवसभरात कोणत्या वेळी आपल्या हातात काहीच नाही असे वाटते?” उत्तरे ठरावीक येतात. सर्व्हर बंद पडला की ग्राहकाला काय सांगायचे हे ठाऊक नसते. दुपारी चारला ‘आजच्या आज पाठवा’ अशी माहितीची मागणी येते. दिवाळीची रजा मंजूर आहे की नाही हे आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. यांपैकी प्रत्येक गोष्टीला एक साधा नियम लावता येतो. सर्व्हर पाच मिनिटांपेक्षा अधिक बंद राहिला, तर शाखाधिकाऱ्याने केबिनमधून बाहेर येऊन रांगेला स्वतः सांगावे. ते काम रोखपालाच्या माथी मारू नये. ज्याला हिशेबात घोळ झाल्याची शंका आली, त्याने कोणालाही न विचारता काउंटर दहा मिनिटे थांबवावे. रजांचा तक्ता तिमाहीच्या सुरुवातीलाच भिंतीवर लागावा आणि त्यात बदल करण्यापूर्वी संबंधित व्यक्तीशी बोलणे व्हावे.

ग्राहकांच्या रागाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यांत येऊ लागले, तेव्हा आधार जोडणी आणि केवायसीसाठी शाखाशाखांतून जी गर्दी उसळली, ती ज्यांनी काउंटरवरून पाहिली त्यांना हे सांगायला नको. आतून वैतागलेले असताना चेहरा शांत ठेवणे हेही कामच आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्येच त्याला श्रमाचा दर्जा दिला. तेव्हा जड काउंटरवर एकाच व्यक्तीला दिवसभर बसवू नका, दर दोन तासांनी माणूस बदला, आणि ग्राहक शिवीगाळ करू लागला तर व्यवहार तेथेच थांबवून त्याला आपल्याकडे पाठवण्याची मुभा कर्मचाऱ्याला सर्वांसमक्ष द्या. मुभा केवळ तोंडी असेल आणि प्रसंग आल्यावर तुम्हीच ग्राहकाची बाजू घेऊन सर्वांदेखत कर्मचाऱ्याला झापले, तर पुन्हा कोणीही तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

टार्गेटविषयी थोडक्यात. विमा, म्युच्युअल फंड आणि वसुलीचे आकडे वरून येतात, ते तुम्ही ठरवत नाही. पण विभागीय कार्यालयाचा कडक शब्दांतला संदेश शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जसाच्या तसा ढकलायचा, की त्यातला आकडा तेवढा घेऊन सकाळी बसून वाटून घ्यायचा, हे तुम्हीच ठरवता. कोण मागे आहे याची यादी ग्रुपवर टाकू नये. रात्री आठनंतर तर काहीच टाकू नये.

मग विचारांकडे वळा

महाराष्ट्रात या बाबतीत चांगली परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली. घटनेमुळे थेट भावना निर्माण होत नाही, घटनेविषयीची आपली समजूत ती घडवते, हा तिचा गाभा.

प्रत्यक्षात हे असे दिसते. सायंकाळी रोकड मोजताना पाचशे रुपये कमी भरतात. रोखपाल पुन्हा नोटा लावतो, व्हाउचर उलटसुलट करून पाहतो, मागे दोघे-तिघे बॅगा भरून उभे असतात, कारण रोकड जुळल्याशिवाय दिवसअखेर होणार नाही. तफावत सापडली नाही तर पैसे त्याच्याच खिशातून जाणार. एवढ्याने वाईट वाटणे, चिडचिड होणे स्वाभाविकच आहे, आणि ते घालवण्याचा प्रयत्नही करू नये. पण त्या रात्री त्याला झोप लागत नाही ती पाचशे रुपयांमुळे नव्हे. “माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी या कामाच्या लायकीचाच नाही,” हे वाक्य डोक्यात फिरत असते. या वाक्यालाच प्रश्न विचारायचे : चूक होऊ नये ही इच्छा झाली, पण ‘होताच कामा नये’ हा हट्ट कशाच्या आधारावर? शेकडो व्यवहारांतील एका चुकीवरून संपूर्ण माणसाची किंमत ठरते का? त्याजागी “चूक टाळण्याचा मी प्रयत्न करीन, तरीही झाली तर त्रास होईल, पण तो मला सोसता येईल,” असे वाक्य कागदावर लिहून काढावे. नुसते मनात म्हणून भागत नाही. लिहिल्यावर हट्ट कोठे आहे ते डोळ्यांना दिसते.

मात्र एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. ही पद्धत साहेबाने आधी स्वतःवर वापरायची असते (“माझी शाखा पहिल्या पाचांत आलीच पाहिजे” हे वाक्य तपासायला घेण्याजोगे आहे), हाताखालच्या माणसांवर नाही. तीन जणांचे काम एकावर टाकून “तुमचा दृष्टिकोन बदला” असे त्याला सांगणे हा मानसशास्त्राचा दुरुपयोग आहे. लैंगिक छळाची तक्रार तर समजुतीचा विषयच नव्हे. ती २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, शाखेत ‘मिटवली’ जाता कामा नये.

बोलायचे कसे

कोणाला मदतीची गरज आहे हे ओळखण्यासाठी त्या व्यक्तीची तुलना इतरांशी न करता तिच्याच पूर्वीच्या वागण्याशी करावी. सर्वांच्या डब्यातली भाजी चाखणारा एकटा जेवू लागला, कधी उशीर न करणारी व्यक्ती वरचेवर उशिरा येऊ लागली, तर दखल घ्यावी. केबिनचे दार लावावे, फोन उलटा ठेवावा आणि जे पाहिले तेवढेच बोलावे : “मॅडम, या पंधरवड्यात दोन-तीनदा तुम्ही डबा न उघडता परत नेलात, म्हणून विचारतो. काही अडचण आहे का?” “टेन्शन घेऊ नका” हे वाक्य टाळावे, कारण त्यानंतर समोरची व्यक्ती “नाही सर, सगळं ठीक आहे,” म्हणून उठते. उत्तर आल्यावर लगेच उपाय सुचवू नये. आधी ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले त्या केबिनबाहेर नेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार मानलेला नाही, ती कामाशी निगडित अवस्था मानली आहे : गळून गेल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा आणि आपल्याकडून काही होत नाही असे वाटणे. नैराश्य (डिप्रेशन) मात्र आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर निदानाच्या फंदात न पडता तज्ज्ञाकडे जाण्याचा आग्रह धरावा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही कानावर आले, तर जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर होकारार्थी असेल तर व्यक्तीला एकटे सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतूनही. हा क्रमांक सूचनाफलकावर आणि स्वच्छतागृहाच्या दारामागेही लावावा. तेथे तो कोणाच्या नजरेस न पडता टिपून घेता येतो.

शाखेत दरोडा किंवा मारहाण घडल्यास दुसऱ्याच दिवशी सर्वांना एकत्र बसवून अनुभवकथन करायला लावू नये. अशा सक्तीच्या बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. पाणी, घरी पोहोचवण्याची सोय, पोलिसांच्या जबाबाच्या वेळी सोबत, आणि ज्याला बोलायचे आहे त्याच्यासाठी वेळ, एवढे आधी पाहावे.

रजेबाबत एक गंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या परिपत्रकाप्रमाणे संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची रजा द्यावी लागते. हेतू गैरव्यवहार उघडकीस यावेत हा आहे, विश्रांतीचा नव्हे. पण त्या काळात त्या व्यक्तीला कामाच्या यंत्रणेत शिरता येत नाही, आणि कामापासून खरोखर तुटणे म्हणतात ते हेच. इतरांच्या साध्या रजेलाही हाच नियम लावा : जाण्यापूर्वी अर्धवट कामांची यादी आणि प्रत्येकापुढे सांभाळणाऱ्याचे नाव लिहून घ्या, आणि नंतर “फक्त एक पासवर्ड विचारायचा होता,” म्हणूनही फोन करू नका. तुमच्या स्वतःच्या रजेत शाखेने फोन केलेला तुम्हाला चालतो, असे सांगत असाल, तर तेही बंद करा. कर्मचारी तुमच्या परिपत्रकाकडे पाहत नाहीत, तुम्ही रजेत फोन उचलता की नाही ते पाहतात.