टोइंगच्या पाथफाइंडरचा गिअरबॉक्स थरथरतोय? आधी रेडिएटर बघा

२००५ ते २०१० या वर्षांतली निसान पाथफाइंडर अमेरिकेत आजही जुन्या बाजारात मिळते. ४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, वेगळी चासी आणि ६,००० पौंड, म्हणजे सुमारे २,७०० किलो ओढण्याची परवानगी. कॅम्पर किंवा बोट ओढायला स्वस्तातली मजबूत गाडी हवी असेल, तर नजर तिच्यावर जातेच. या गाडीत जॅटको या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि तो मुळात दणकट आहे. तो बिघडला की मेकॅनिक लगेच 'गिअरबॉक्स खोला' म्हणतो. खोलण्याआधी पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. एक्सटेरा आणि फ्रंटियर या तिच्या भावंडांनाही हे सगळं लागू आहे.

इंजिन गार असताना दोन झाकणं उघडा

या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारी नळी रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेली आहे. बाहेर कूलंट, आत ऑइल, मध्ये पातळ धातू आणि जोड. हा जोड तडकला की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात. इंजिन चालू असताना ऑइल कूलंटमध्ये जाऊ शकतं. पण खरा घात होतो तो गाडी बंद केल्यावर. त्या वेळी ऑइलचा दाब शून्यावर येतो, गरम कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो, आणि कूलंट ऑइलमध्ये ढकललं जातं. म्हणून लांबचा घाट चढून आल्यावर, रात्री पार्किंगमध्ये उभ्या गाडीत हे नुकसान होत राहतं आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

रेडिएटरचं झाकण पूर्ण गार झाल्यावरच काढा. कूलंटवर तेलकट गुलाबी साय किंवा फेस दिसतो का? पातळी कमी होतेय, पण जमिनीवर गळती नाही, असं आहे का? मग गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काडी, काढा. ती छोट्या बोल्टने अडकवलेली असते, १० मिलिमीटरचा पाना लागतो. चांगलं ऑइल लाल आणि पारदर्शक असतं, जुनं तपकिरी. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गढूळ गुलाबी दिसलं, तर तपास तिथेच थांबवा. त्यानंतर इंजिन सुरूसुद्धा करायचं नाही. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर, चढवूनच हलवा.

इतकी घाई का, ते नीट समजून घ्या. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर कागदासारखं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं. कूलंटमधलं ग्लायकॉल त्या डिंकाला सोडवतं आणि पाणी अस्तराला फुगवतं. एकदा अस्तर सुटायला लागलं की नुसतं ऑइल बदलून ते परत चिकटत नाही. शिवाय या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आतच, व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलचा दाब वेगवेगळ्या क्लचांकडे वळवणाऱ्या भागावर), त्याच ऑइलमध्ये बसलेला आहे.

रंग गढूळ नसला म्हणून निश्चिंत होऊ नका. थोडं ग्लायकॉल डोळ्याला दिसत नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवालात सोडियम, पोटॅशियम आणि ग्लायकॉल बघा. सोडियम-पोटॅशियम कूलंटमधल्या रसायनांतून येतात. ते वाढलेले असतील तर कुठेतरी वाट झालेली आहे. जुनी गाडी विकत घेत असाल तर हा अहवाल पैसे मोजण्याआधी मागवा, आणि रेडिएटर कधी बदलला त्याची पावती मागा. कंपनीने या दोषासाठी वॉरंटी आधी ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली होती, पुढे न्यायालयीन तडजोडीत ती १० वर्षं किंवा १,००,००० मैल झाली. ती मुदत आता या सगळ्या गाड्यांसाठी संपली आहे.

पातळी मोजायची तर तापमान बघून

ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे गार ऑइलवर घेतलेलं माप फक्त अंदाजाचं. सपाट जागी गाडी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर सावकाश फिरवा, पार्कमध्ये आणा, इंजिन चालूच ठेवा. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) ऑइलचं तापमान सुमारे ६५ अंश सेल्सियस (१५० फॅरेनहाइट) दिसलं की 'हॉट' पट्ट्यात पातळी वाचा. नळी लांब असल्यामुळे काडीला बाजूचं ऑइल लागतं. पुसून तीनदा वाचा आणि सर्वांत कमी आलेलं माप खरं धरा.

पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात. जास्त असेल तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. म्हणून 'थोडं जास्त बरं' हा हिशेब इथे चालत नाही. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल-तपकिरी डाग पसरला तर ठीक. मध्ये काळा गाभा आणि जळका वास असेल तर क्लच जळलेले आहेत.

थरथर नेमकी कशाची?

ट्रेलर काढून गाडी रस्त्यावर न्या. ताशी ४० ते ५० मैलांवर, अगदी हलक्या पायाने, वेग स्थिर ठेवा. रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्टीवरून गेल्यासारखी एक-दोन सेकंदांची थरथर येते का? आली, तर उजवा पाय अॅक्सिलरेटरवर जसाच्या तसा ठेवून डाव्या पायाने ब्रेक जेमतेम स्पर्श करा, मागचा ब्रेक लाइट लागण्याइतपतच. मागे गाडी नसलेल्या रस्त्यावरच हे करा. ब्रेकचा सिग्नल मिळताच टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच सुटतो. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देतो, आणि लॉकअप लागला की दोन्ही थेट जोडले जातात. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष लॉकअपमध्ये किंवा ऑइलमध्ये आहे. तशीच राहिली तर पुढे शोधा. जोर लावल्यावर इंजिन अडखळत असेल आणि चेक-इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ते मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. न्यूट्रलमध्ये टाकूनही गाडीच्या वेगानुसार कंप येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस किंवा टायर बघा.

याच वर्षांच्या इंजिनांमध्ये टायमिंग चेनच्या टेन्शनरचा एक झिजण्याचा प्रकार आहे. त्यातून बारीक रडल्यासारखा 'हूंऽऽ' आवाज येतो आणि पुष्कळ लोक तो गिअरबॉक्सचा समजतात. पार्कमध्ये हलकी रेस देऊन मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आधी इंजिनच्या पुढच्या कव्हरवर, मग गिअरबॉक्सच्या पुढच्या भागावर लावा. जिथे आवाज मोठा, तिथे दोष.

स्कॅनर असा हवा की जो गिअरबॉक्सचा चालू डेटा दाखवेल. साधा कोड वाचणारा पुरत नाही. इंजिनचे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचे) दर मिनिटाचे फेरे शेजारी लावा. लॉकअप लागल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ एक व्हायला हवेत. शंभरहून अधिक फरकाने ते वर-खाली होत असतील, तर लॉकअप घसरतोय. चौथा गिअर या गिअरबॉक्समध्ये थेट आहे, त्यामुळे चौथ्यात टर्बाइन आणि आउटपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा) यांचे फेरे सारखेच दिसले पाहिजेत. नसतील तर प्लेटा घसरत आहेत.

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडांपैकी पी०७०० म्हणजे सहसा फक्त 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला विचारा'. पी०७३१ ते पी०७३५ हे पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचे, पी०७४४ लॉकअपचा, पी०७१७ टर्बाइन सेन्सरचा, पी०७२० आउटपुट सेन्सरचा, पी०७१० ऑइल तापमान सेन्सरचा. एकाच गिअरचा कोड असेल तर त्या गिअरचे क्लच किंवा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह). अनेक गिअरचे कोड एकदम आले, तर पातळी, दाब किंवा सेन्सर. आणि कोड नसणं म्हणजे गिअरबॉक्स निरोगी असणं नव्हे. ग्लायकॉलची सुरुवातीची थरथर कोडाशिवायच येते.

ट्रेलर लावल्यावरच त्रास होतो तेव्हा

अशा वेळी उष्णतेचा माग काढायचा. लॉकअप सुटलेला असताना इंजिन ३,००० फेऱ्यांवर आणि टर्बाइन २,६०० वर असेल, तर सुमारे १३ टक्के ताकद ऑइल घुसळण्यात जाते. चढावर १०० अश्वशक्ती लागत असेल तर ती सुमारे १० किलोवॅट उष्णता झाली. २ किलोवॅटचे पाच गीझर एकदम चालू करून ऑइलमध्ये बुडवल्यासारखं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेचा ग्रेपव्हाइनचा घाट चढताना ते गीझर कित्येक मिनिटं बंद होत नाहीत.

सपाट रस्त्यावर ८० ते ९५ अंश सेल्सियस ठीक. चढावर थोडा वेळ ११० चालेल. १२० (सुमारे २५० फॅरेनहाइट) ओलांडलं की बाजूला घ्या, पण इंजिन बंद करू नका. पार्कमध्ये १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर काही मिनिटं चालू द्या. पंप फिरत राहिला तरच ऑइल कूलरमधून जातं.

तापमान वाढण्याची कारणं शोधताना ब्रेक लाइटचा स्विच आधी बघा, कारण तो कोणी बघत नाही. स्विच सरकलेला असेल तर कॉम्प्युटरला पाय सतत ब्रेकवर आहे असं वाटतं, तो लॉकअप लागूच देत नाही आणि ऑइल अख्ख्या प्रवासात तापत राहतं. मागचे ब्रेक लाइट पाय काढल्यावर विझतात ना, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. मग पुढच्या बाहेरच्या ऑइल कूलरच्या जाळीत अडकलेले किडे आणि चिखल. मग रेडिएटरचा पंखा: गरम इंजिन बंद केल्यावर हाताने ढकललेला पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला, तर त्याचा क्लच गेलाय.

कूलरमधला प्रवाह मोजायचा असेल तर परतीची नळी काढून बादलीत सोडा आणि इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालवा. २० ते ३० सेकंदांत सुमारे १ लिटर यायला हवं. अर्धा मिनिट झाला की बंद करा आणि गेलं तेवढं ऑइल भरा. धार बारीक असेल तर कूलर किंवा नळी तुंबलीय.

चालवण्याची सवयही बघा. ट्रेलरसह चढावर गाडी चौथा-पाचवा-चौथा करत राहते, तेव्हा दर बदलाला लॉकअप सुटतो आणि लागतो. पाचवा गिअर लागू देऊ नका. ट्रेलर हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) ठेवतो तो भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. पाण्याच्या टाक्या, गॅस आणि सामान भरल्यावर कॅम्परचं वजन पुस्तकातल्या आकड्यावर राहत नाही, ते वजनकाट्यावर नेऊनच कळतं.

चेंबर खोलल्यावर

चेंबरमधल्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तसराळ्यातल्या) चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणारच. बोटांना टोचणारा लोखंडी चुरा, पितळी चकाकी किंवा तळाशी काळा गाळ मात्र वाईट. तिथून पुढे ऑइल बदलून उपयोग नाही.

चेंबर स्वच्छ असेल, तरच ऑइल बदला. एकूण ऑइल सुमारे १०.३ लिटर, पण खालच्या बोल्टमधून त्यातलं सगळं येत नाही, कन्व्हर्टरमधलं आतच राहतं. एका वेळी ४.५ लिटर निघालं असं धरलं, तर मध्ये थोडी गाडी चालवून तीन वेळा बदलल्यावर साधारण ८० टक्के ऑइल नवं होतं. निघालेलं मोजा आणि तेवढंच भरा. निसानचं मॅटिक-एस किंवा त्याच मानकाचं ऑइल वापरा. जुन्या पुस्तकात मॅटिक-जे लिहिलंय, त्याची जागा मॅटिक-एसने घेतली आहे. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्सचं) ऑइल चुकूनही नको.

आतापर्यंत मूळ रेडिएटर असेल तर तो तपासणीत चांगला निघाला तरी बदला. ही खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे. नवा रेडिएटर काहीशे डॉलरचा, गिअरबॉक्स हजारोंचा. दुसरा उपाय म्हणजे ऑइलच्या दोन्ही नळ्या रेडिएटरमधून काढून थेट पुढच्या वेगळ्या कूलरला जोडायच्या. टोइंगसाठी हा अधिक खात्रीचा, कारण दोन द्रव मग भेटतच नाहीत. नळी गिअरबॉक्स ऑइलसाठीचीच घ्या, कूलंटची नळी आतून फुगते. मिनेसोटासारख्या थंडीत मात्र ऑइल तापायलाच वेळ लागतो, तिथे थर्मोस्टॅट असलेला बायपास (ऑइल तापेपर्यंत ते कूलर टाळून नेणारी वाट) लावा.

मिल्कशेक झालेला गिअरबॉक्स बदलताना किंवा नव्याने बांधताना टॉर्क कन्व्हर्टर नवा, रेडिएटर नवा, बाहेरचा कूलर नवा आणि स्टीलच्या नळ्या धुऊन हवेने फुंकलेल्या, हे सगळं बिलावर लिहून घ्या. जुन्या कूलरच्या अरुंद वाटांत अडकलेला गाळ सहज निघत नाही, आणि तो थेट नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. काम झाल्यावर पहिले ५०० मैल ट्रेलर लावू नका. त्यानंतर ६५ अंशांवर पातळी पुन्हा बघा आणि ऑइलचा नमुना परत पाठवा.