पुण्यात थंड हवेचं लॉन लावताय? या चुका टाळा

ऑनलाइन मागवलेल्या बियाण्याच्या पाकिटावर हिरवागार फोटो असतो. तो कुठल्या हवेतला आहे, हे कुणी बघत नाही. मागे राय, फेस्क्यू, ब्लूग्रास अशी नावं दिसली की ते थंड हवेच्या गवतांचं मिश्रण. त्याला साधारण १५ ते २४ अंश मानवतात. सिमला-श्रीनगरकडे ते टिकतं. पुण्यात ते हिवाळ्याचं पाहुणं. नोव्हेंबरात पेरा, होळीपर्यंत मिरवा.

पण लोकांना ते कायमचं हवं असतं. बाणेरच्या एका सोसायटीत हरळीवरच, म्हणजे आपल्या उन्हात वाढणाऱ्या नेहमीच्या गवतावरच, राय पेरलं होतं. संक्रांतीला मेंबर त्यावर बसून फोटो काढत होते. मार्चमध्ये पिवळं पडू लागलं तर कमिटीनं आधी युरिया टाकला, मग दोन वेळा पाणी सुरू केलं, मग बुरशीनाशक फवारलं. माळीकाका सांगत होते, ऊन लागतंय त्याला, ऐकतो कोण! या लाडांनी राय वाचलं नाहीच, वर त्याच्या दाट सावलीत खालची हरळी गुदमरली. मे महिन्यात उघडी माती आणि पावसाळा लागल्यावर जिकडेतिकडे लव्हाळ्याचं तण. करायचं होतं नेमकं उलट. फेब्रुवारीअखेर गवत कापायचं मशीन खाली घेऊन राय बारीक कापायचं, पाणी कमी करायचं आणि हरळीला ऊन पोचू द्यायचं. मी तर महाशिवरात्र झाली की रायच्या बाबतीत हात आखडताच घेतो.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या रंगावरून गवत ओळखणं. अहो, एक काडी उपटून बघा की! पात्याची मागची बाजू चकचकीत असेल तर बहुधा राय. शेंडा होडीच्या टोकासारखा वळलेला असेल तर ब्लूग्रास. टॉल फेस्क्यूचं पातं रुंद, ठळक शिरांचं, कडेला खरखरीत. फाइन फेस्क्यूचं अगदी सुईसारखं. आणि दांडा बोटांत फिरवल्यावर तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. वरून ओढलात तर गाठी जमिनीतच राहतात. खुरपं खोल घाला.

आठ दिवसांत काही दिसेना म्हणून पुन्हा बी टाकणाऱ्यांचं काय करावं? राय ५ ते १० दिवसांत उगवतं, ब्लूग्रासला २ ते ४ आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर कुंडीत मेथी पेरा.

शेंडे फाटून पांढुरके दिसतात तो बऱ्याचदा रोग नसतो, मशीनचं पातं बोथट असतं. एरवी एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पाणी पहाटे, रात्री नको.

बारा महिने हिरवळ हवी असेल, तर पाकीट फोडूच नका. जूनमध्ये हरळी लावा. झाडाच्या दाट सावलीत मात्र तीही येत नाही.