मॅच संपल्यावरचा स्कोअर बघून कुणाला नूब (कच्चा खेळाडू) म्हणायच्या आधी हे तपासा

एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेमची टीम मॅच संपली रे संपली की सगळे स्कोअरचा टेबल उघडतात, आणि ज्याचा आकडा सगळ्यात खाली त्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात. त्या टेबलात खोटं काहीच नसतं, फक्त कोण कसा खेळला हे त्यातून थेट कळत नाही. ते कळायला जरा खणावं लागतं.

आधी मॅच नक्की कधी फिरली ते शोधा. रीप्ले लावा आणि जिथून पुढे एक साइड परत उभीच राहू शकली नाही तिथे पॉज करा. समजा ४० मिनिटांची मॅच २५ व्या मिनिटाला फुटली, तर पुढची १५ मिनिटं जिंकणारा पळणारे व्हिलेजर (काम करणारे गावकरी) मारतोय, रिकामी घरं पाडतोय, निवांत गोल्ड गोळा करतोय, आणि हे सगळं त्याच्याच खात्यात चढतं. म्हणजे शेवटचा के-डी (किती मारले भागिले आपले किती गेले) बऱ्याचदा वरातीमागून घोडं असतो, तो जिंकल्यामुळे वाढलेला असतो आणि आपण समजतो की त्याच्यामुळेच जिंकला. तुलना करायचीच तर पॉज केलंय तिथपर्यंतचीच करा.

मग किल मोजू नका, खर्च मोजा. एका स्पिअरमनला (भालेवाल्या सैनिकाला) ३५ फूड आणि २५ वूड लागतं, नाइटला (चिलखती घोडेस्वाराला) ६० फूड आणि ७५ गोल्ड. आता तुमचे १२ स्पिअरमन गेले आणि समोरच्याचे ६ नाइट पडले तर टेबलात दिसतं की तुम्ही दुप्पट माणसं घालवली, के-डी ०.५, लाज वाटावी असा. पण हिशोब केला तर तुमचे गेले ७२० आणि त्याचे गेले ८१०, त्यातलं ४५० गोल्ड, आणि मॅपवरचं गोल्ड कधीतरी संपतंच, ते संपल्यावर परत नाइट काढायचे तर ट्रेड किंवा रेलिकच्या (गोल्ड देत राहणाऱ्या पवित्र वस्तूंच्या) भरवशावर बसावं लागतं किंवा मार्केटमध्ये महागात घ्यावं लागतं. ही लढाई तुम्ही जिंकलेली आहे राव!

टीम गेममध्ये तर कोण कुठे बसला होता हे आधी बघायचं. फ्लँकवाल्यावर (कडेला, शत्रूच्या समोर बसलेल्यावर) पहिल्यापासून मार पडतो, कधीकधी दोघं मिळून येतात, तो बिचारा व्हिलेजर टाऊन सेंटरमध्ये (गावाच्या मुख्य इमारतीत) कोंबून कसाबसा टिकतो आणि मागे पॉकेटवाला (आतल्या सुरक्षित जागेवरचा) आरामात बूम करून (आधी नुसते व्हिलेजर वाढवून) नाइट घेऊन येतो. स्कोअरमध्ये पॉकेट हिरो, फ्लँक झिरो. फ्लँकवाल्याने दोघांना १० मिनिटं गुंतवून ठेवलं याचा कुठलाच कॉलम नाहीये.

रेडचंही (अचानक घुसून त्रास देण्याचंही) तसंच. चार स्काऊट (हलके घोडेस्वार) घुसले, एकही व्हिलेजर मेला नाही, म्हणजे किल शून्य. पण समोरच्याच्या चष्म्यातून रीप्ले बघा, त्याचे लाकूडतोडे पळतायत, तो घाईघाईत भिंती घालतोय, स्पिअरमन काढतोय आणि या गडबडीत जिथे व्हिलेजर बनतात ते टाऊन सेंटर काहीच न बनवता रिकामं उभं आहे. एक व्हिलेजर बनायला २५ सेकंद लागतात, तेव्हा सव्वा मिनिट गेलं तर तीन व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत, आणि न जन्मलेला व्हिलेजर कुणाच्याच किलमध्ये मोजला जात नाही. असं नुकसान रीप्लेमध्येच दिसतं, टेबलात नाही.

किती रिसोर्स गोळा केले या आकड्यावरही लगेच भाळू नका, मॅच लांबली की तो आपोआप फुगतो. त्यापेक्षा रीप्लेमध्ये वरच्या पट्टीवर किती पडून होतं ते बघा, २००० फूड नुसतं साठलंय आणि टाऊन सेंटर बंद, मग गोळा करून उपयोग काय.

एपीएम (मिनिटाला किती क्लिक आणि बटणं) तर सोडूनच द्या. स्टारक्राफ्ट या अशाच दुसऱ्या गेममध्ये सुरुवातीला करायला काही नसताना लोक उगाच तीच तीच बटणं बडवतात आणि आकडा वर जातो, त्यातले कामाचे क्लिक किती हा वेगळाच प्रश्न.

आणि एका मॅचवरून काहीच ठरवू नका, एकच मॅप आणि एकच सिव्ह (खेळायला निवडलेली संस्कृती) असलेल्या आठ-दहा मॅच शेजारी ठेवा. तेही जमत नसेल तर सरळ वन-ऑन-वनचं एलो रेटिंग (हारजितीवरून खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) बघा. दोघांत ४०० पॉइंटचा फरक असेल तर वरच्याने साधारण ११ पैकी १० मॅच काढणं अपेक्षित असतं, आणि रेटिंग फक्त हारजीत मोजतं, कुणाचे किती किल झाले याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही.